पोलीस, पालिका आणि रहिवाशांच्या संयुक्त समितीचं मूल्यमापन कसं करायचं, पहिल्या दिवसापासून रिपोर्टपर्यंत

आधी एक प्रश्न विचारते, पुढचं सगळं त्याच्याभोवतीच फिरणार आहे. पोलीस, पालिका आणि लोक एका टेबलाभोवती बसले नसते तर जे झालंच नसतं, असं नेमकं काय झालं? तुमच्या रिपोर्टच्या शंभर पानांत याचं उत्तर नसेल तर ते मूल्यमापन नाही, ती समितीची डायरी आहे. मी असे बरेच रिपोर्ट वाचलेत, सुरुवातीला एक-दोन तसेच लिहिलेतही, त्यामुळे कान धरूनच सांगतेय. किती मीटिंग झाल्या, किती लोक आले, किती पत्रकं वाटली, रॅलीत किती मुलं होती, सगळं मोजलेलं असतं आणि त्या भागात रात्री चालत जाणाऱ्या बाईला काही फरक पडला का हे कुठेच नसतं.

आधी ठरवा, हे कोणासाठी आणि कशासाठी

कोणी सांगितलंय मूल्यमापन करायला? फंड देणाऱ्याने सांगितलं असेल तर त्याला पुढच्या वर्षी पैसे द्यायचे की नाही हे ठरवायचंय. समितीनेच सांगितलं असेल तर काय बदलायचं हे बघायचंय. कधीकधी निर्णय आधीच झालेला असतो आणि फक्त शिक्का मारून हवा असतो, हे पहिल्याच भेटीत कळतं, आणि तसं असेल तर सरळ नाही म्हणा, नंतर त्रास होतो.

पहिल्याच दिवशी दोन गोष्टी लेखी घ्या. निकाल वाईट आला तरी तो लोकांसमोर ठेवला जाईल. आणि पोलीस, पालिका, रहिवासी यांच्यापैकी कोणालाही छापायच्या आधी मजकूर बदलता येणार नाही, तथ्याची चूक दाखवता येईल, बस.

समितीचा दावा ‘म्हणून’ लावून लिहून घ्या

हे काम एका दुपारचं आहे पण ते न करता लोक थेट सर्व्हे छापायला जातात. समितीतल्या प्रत्येक बाजूच्या माणसाला वेगवेगळं बसवून विचारा, तुम्ही जे करता त्याने गुन्हा किंवा भीती कशी कमी होणार? आणि उत्तर ‘म्हणून’ जोडत कागदावर लिहा. आम्ही गस्त वाढवली, म्हणून चोराला पकडलं जाण्याची भीती वाटली, म्हणून त्याने हा भाग टाळला, म्हणून घरफोड्या कमी झाल्या. आता या साखळीतल्या प्रत्येक ‘म्हणून’ला बोट लावून विचारायचं, हे खरंच झालं का, आणि आपल्याला कळणार कसं? बहुतेक साखळ्या दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या कडीत तुटतात. माझा अनुभव असा की पोलिसांची साखळी, पालिकेच्या माणसाची साखळी आणि रहिवाशांची साखळी तीन वेगळ्याच निघतात, एकाला वाटतं आपण चोर पकडतोय, दुसऱ्याला वाटतं आपण दिवे लावतोय, तिसऱ्याला वाटतं आपली तक्रार ऐकायला कोणीतरी बसलंय. हा फरकसुद्धा निष्कर्षच आहे, लिहून ठेवा.

साखळी नीट असेल तर काय होतं त्याचं जुनं उदाहरण म्हणजे इंग्लंडमधल्या रॉचडेल गावातली कर्कहोल्ट वसाहत. १९८० च्या दशकाच्या मध्यावर तिथे घरफोड्या बेसुमार होत्या. पोलीस, पालिका, प्रोबेशनवाले (म्हणजे शिक्षा झालेल्यांवर तुरुंगाबाहेर देखरेख ठेवणारे अधिकारी) आणि विद्यापीठातले लोक एकत्र आले, पण लगेच गस्त वाढवत बसले नाहीत, आधी चोरांना, चोरी झालेल्या घरांना आणि शेजाऱ्यांना जाऊन विचारलं. तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. एक, बऱ्याच घरांत नाणी टाकून चालणारे गॅस-विजेचे मीटर होते, म्हणजे घरात रोकड भरलेला डबाच. दोन, एकदा फोडलेलं घर पुन्हा फोडलं जाण्याची शक्यता बाकीच्या घरांपेक्षा खूपच जास्त. मग नाण्यांचे मीटर काढले, फोडलेल्या घराची कुलपं-खिडक्या लगेच मजबूत केल्या, आणि त्या घराच्या आसपासच्या पाच-सहा घरांनाच एकमेकांवर लक्ष ठेवायला सांगितलं, अख्ख्या वसाहतीला नाही. तीन वर्षांत घरफोड्या सुमारे ७५ टक्क्यांनी उतरल्या. गंमत पुढे आहे. हे बघून इतर ठिकाणी ‘कर्कहोल्टसारखं’ करायला घेतलं, कोणी त्यातलं एक उचललं, कोणी दुसरं, आणि निकाल कुठे चांगले कुठे काहीच नाही. म्हणून तुमच्या समितीने कुठला तरी गाजलेला उपक्रम आणलाय असं सांगितलं तर विचारा की त्यातलं नेमकं काय आणलं, नाव की साखळी.

इतिवृत्ताची वही घेऊन बसा

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बोलका पुरावा हाच, आणि तो कोणी वाचत नाही. मागच्या दोन वर्षांच्या सगळ्या मीटिंगची इतिवृत्तं मागवा, हजेरीपटासकट. द्यायला महिना लावला तर तेही नोंदवा.

एक वही मला अजून आठवते. स्टेशनमागच्या बोळातला दिवा बंद आहे, असा मुद्दा पहिल्या मीटिंगमध्ये एका बाईंनी मांडलेला. शेरा: ‘संबंधितांना कळवावे.’ दुसऱ्या मीटिंगला तोच दिवा, शेरा ‘कार्यवाही चालू’. तिसऱ्याला पालिकेचा माणूस आलाच नाही. चौथ्याला बदलून आलेला नवीन माणूस, त्याने मुद्दा पुन्हा पहिल्यापासून समजावून घेतला. पाचव्याला पोलिसांकडून त्या बोळात पाकीटमारी वाढल्याची माहिती, आणि दिव्याचा शेरा, ‘कार्यवाही चालू’. सहाव्या मीटिंगपासून दिव्याचा उल्लेख नाही. मी समजले लागला असेल. संध्याकाळी जाऊन बघितलं तर अंधार. दिवा लागला नव्हता, बाई यायच्या बंद झाल्या होत्या. हजेरीपट उलटा चाळला तेव्हा कळलं.

म्हणून वही अशी वाचायची. एका शीटमध्ये प्रत्येक मुद्द्याला एक ओळ. कोणी मांडला, काय ठरलं, कोणावर जबाबदारी, तारीख दिली का, झालं का, आणि शेवटचा कॉलम सगळ्यात महत्त्वाचा: हे करायला दोन किंवा जास्त बाजू लागल्या का? दिवा पालिका एकटीही लावू शकते, त्यासाठी समिती लागत नाही. पण पोलिसांनी सांगितलं कुठल्या वेळेला तिथे पाकीटमारी होते, रहिवाशांनी सांगितलं की कामावरून परतणाऱ्या बायका कोणत्या रस्त्याने जातात आणि पालिकेने त्यानुसार दिव्यांचा क्रम बदलला, तर ते एकत्र बसल्याचं काम झालं. भागीदारीचा खरा हिशोब या शेवटच्या कॉलममध्ये आहे. वाईट वाटतं सांगायला, पण पुष्कळ वह्यांमध्ये हा कॉलम जवळजवळ कोरा राहतो.

हजेरीपटात तीन गोष्टी बघा. तेच लोक येतात का, कारण दर वेळी नवा माणूस आला तर समितीला आठवण राहत नाही. ज्याच्या हातात निर्णय आहे तो येतो की ‘वरती विचारून सांगतो’ म्हणणारा? आणि येणं कोणी कधी बंद केलं. जे सोडून गेले त्यांना शोधून भेटा, एका सोडून गेलेल्या माणसाशी अर्धा तास बोललं की दहा नियमित सदस्यांपेक्षा जास्त कळतं.

आकडे, आणि त्यांच्यावर किती विश्वास ठेवायचा

पोलिसांचे नोंदलेले गुन्हे हा एक आकडा आहे, गुन्ह्यांची संख्या नाही. हे वाक्य भिंतीवर लावून ठेवा. लोकांनी सांगितलेलं आणि पोलिसांनी लिहून घेतलेलं एवढंच त्यात येतं. इंग्लंड-वेल्समध्ये जानेवारी २०१४ मध्ये पोलिसांच्या गुन्हे-आकडेवारीचा ‘राष्ट्रीय आकडेवारी’ हा दर्जा काढून घेतला गेला, आणि त्याच वर्षीच्या तपासणीत निघालं की लोकांनी कळवलेल्या गुन्ह्यांपैकी साधारण पाचातला एक नोंदवलाच जात नव्हता. तेही कुठे, जिथे १९९८ च्या कायद्याने पोलीस आणि पालिकांना गुन्हे कमी करण्यासाठी एकत्र काम करणं बंधनकारक केलंय आणि १९८२ पासून लोकांच्या घरी जाऊन ‘तुमच्यावर काय बेतलं’ हे विचारणारा मोठा सर्व्हे चालतो.

आता यातला पेच बघा. समिती चांगली चालली तर लोकांचा विश्वास वाढतो, विश्वास वाढला की जास्त लोक तक्रार करतात, म्हणजे नोंदलेले गुन्हे वाढतात. आणि समिती वाईट चालली, लोक कंटाळले, तर तक्रारी कमी, आकडा खाली, आणि कार्यक्रमात टाळ्या. त्यामुळे फक्त नोंदी बघून निकाल लावणाऱ्याला मी तरी गंभीरपणे घेत नाही.

यातून बाहेर कसं पडायचं ते वेल्समधल्या कार्डिफ शहराने दाखवलं. तिथले जोनाथन शेफर्ड हे तोंड-जबड्याचे सर्जन, मारामारीत जबडा मोडलेले लोक त्यांच्याकडे यायचे आणि त्यांच्या लक्षात आलं की यातल्या कितीतरी घटना पोलिसांच्या नोंदीत नाहीतच. मग इमर्जन्सी विभागातल्या रिसेप्शनवरच विचारायला सुरुवात केली, कुठे मारलं, कधी, कशाने. नाव-गाव काढून टाकून ही माहिती पोलीस आणि पालिकेला जायला लागली, त्यावरून गस्त कुठे लावायची, कुठल्या बारवाल्याशी बोलायचं हे ठरायला लागलं. २०११ मध्ये छापलेल्या अभ्यासात कार्डिफची तुलना तिच्यासारख्या १४ शहरांशी केली तेव्हा मारहाणीमुळे हॉस्पिटलात भरती होण्याचं प्रमाण ४२ टक्के कमी निघालं. आणि त्याच अभ्यासात, पोलिसांनी नोंदलेल्या किरकोळ मारहाणी मात्र वाढल्या होत्या! फक्त तो आकडा बघितला असता तर सगळा प्रकल्प फेल म्हणून बंद झाला असता.

तर तुमच्याकडे काय काय मिळू शकतं ते बघा. हॉस्पिटल, अॅम्ब्युलन्सचे कॉल, फायर ब्रिगेड, पालिकेकडे आलेल्या दिव्यांच्या आणि मोडतोडीच्या तक्रारी, शाळेतली गैरहजेरी, बसच्या ड्रायव्हरांच्या नोंदी, दुकानदारांची चोरीची वही. एकाच गोष्टीचे दोन-तीन वेगळे झरे असले आणि ते एकाच दिशेला वाहत असले तर बोलायला आधार मिळतो. उलट दिशेला वाहत असतील तर त्याहून चांगलं, कारण तिथे काहीतरी समजून घेण्यासारखं असतं.

दोन सूचना आणि पुढे जाऊ. छोट्या आकड्यांचे टक्के काढू नका, चारावरून दोन झाले त्याला ‘५० टक्के घट’ म्हणणं हा निव्वळ फाजीलपणा आहे. आणि कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीचे निदान तीन वर्षांचे महिनावार आकडे घ्या, सणासुदीचे, सुट्ट्यांचे, पावसाळ्याचे चढउतार त्यात दिसतात.

कशाशी तुलना करायची

इथे सगळे घसरतात, म्हणून जरा थांबून सांगते.

समित्या कधी स्थापन होतात? सगळं बिघडलेलं असतं तेव्हा. सगळ्यात वाईट वर्षानंतरचं वर्ष, तुम्ही काहीही केलं नाही तरी, बहुतेकदा थोडं बरंच असतं. ताप १०४ वर असताना काढा दिला आणि दुसऱ्या दिवशी ताप उतरला, तर काढ्याने उतरला की उतरणारच होता? त्यामुळे ‘आधी आणि नंतर’ एवढ्या दोन आकड्यांवर उड्या मारायच्या नाहीत. समिती नसलेला पण लोकसंख्या, घरं, बाजार, वस्ती या बाबतीत तुमच्यासारखाच दुसरा भाग शोधा, दोन-तीन मिळाले तर उत्तम, आणि दोन्हीकडचे तेच महिने समोरासमोर ठेवा. तिथेही तेवढीच घट असेल तर श्रेय समितीचं नाही, सगळीकडे वाहणाऱ्या वाऱ्याचं.

बॉस्टनचंच घ्या. १९९६ मध्ये तिथे पोलीस, प्रोबेशन, रस्त्यावर काम करणारे कार्यकर्ते आणि चर्चचे लोक मिळून तरुणांच्या टोळ्यांना समोर बसवून सांगायला लागले, गोळीबार केलात तर अख्ख्या टोळीवर कारवाई, थांबवलात तर मदत. तरुणांच्या खुनांचं महिन्याचं सरासरी प्रमाण ६३ टक्क्यांनी उतरलं. आकडा जबरदस्त, पण त्याच दशकात अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या शहरांत खून उतरत होते, त्यामुळे यातलं किती बॉस्टनचं आणि किती काळाचं, यावर अभ्यासक आजही भांडतात, आणि हे भांडण इतर शहरांशी तुलना केली होती म्हणून तरी नीट चालू आहे.

दुसरं टोक म्हणजे अमेरिकेतलीच कॅन्सस सिटी. १९७२-७३ मध्ये तिथल्या पोलिसांनी १५ बीट, म्हणजे गस्तीचे ठरलेले भाग, घेतले, पाचात गाडीची नेहमीची गस्त बंद करून फक्त कॉल आला तरच जायचं, पाचात दुप्पट-तिप्पट गस्त, पाचात होतं तसं. वर्षाने गुन्ह्यांत फरक नाही, लोकांच्या भीतीतही नाही, लोकांना कमी-जास्त गस्त झालेली कळलीसुद्धा नाही! ‘गस्त वाढवा’ हा प्रत्येक मीटिंगमधला पहिला ठराव असतो, तेव्हा मला दर वेळी हे पंधरा बीट आठवतात.

आणि जे घडलंच नाही ते कसं मोजायचं? भिवंडीचं उदाहरण या विषयात नेहमी येतं. १९८४ मध्ये तिथे भीषण दंगल झाली, नंतर १९८० च्या दशकाच्या शेवटी पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, दोन्ही समाजांचे लोक आणि पोलीस नियमित एकत्र बसायला लागले, आणि १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. न झालेल्या दंगलीचा आकडा नसतो. पण साखळी तपासता येते: त्या दिवसांत अफवा आली तेव्हा कोणी कोणाला फोन केला, कमिटीतले लोक रस्त्यावर उतरले का, पोलिसांना माहिती कुठून मिळाली, ती ओळख कमिटीमुळे झालेली होती का. तुमच्या भागात तणावाचा एखादा दिवस येऊन गेला असेल तर त्याचा असा तासातासाचा हिशोब संबंधितांकडून लिहून घ्या, आठवणी ताज्या असतानाच.

नकाशाची एक गोष्ट राहिली. इथला गुन्हा कमी होऊन शेजारच्या दोन गल्ल्यांत वाढला का, ते बघायचं, म्हणून अभ्यासाच्या भागाभोवती एक पट्टा आखा आणि तिथलेही आकडे घ्या. मात्र दर वेळी गुन्हा सरकतोच असं धरून चालू नका, पुष्कळ अभ्यासांत उलट दिसलंय, फायदा शेजारी झिरपतो.

टेबलावर कोण नाही?

‘समाजाचे प्रतिनिधी’ म्हणून जे बसलेले असतात त्यांना एकदा नीट बघा. वयाने मोठे, घरमालक, वेळ असलेले, पोलिसांशी आधीपासून ओळख असलेले. भाडेकरू नाहीत, रात्रपाळीवाले नाहीत, सतरा-अठरा वर्षांची पोरं तर नाहीतच, ज्यांच्याबद्दल अर्धी मीटिंग चालते. शिकागोने १९९३ पासून बीटवार मीटिंगचा मोठा उपक्रम चालवला, वर्षानुवर्षं त्याचा अभ्यास झाला, त्यातही लॅटिनो वस्त्या मागे राहिल्याचं दिसलं. म्हणजे दार सगळ्यांना उघडं असणं वेगळं आणि सगळे आत येणं वेगळं.

हे तपासायला फार डोकं लागत नाही. भागाच्या लोकसंख्येची वय, लिंग, भाषा, भाडेकरू-मालक अशी वाटणी एका बाजूला, हजेरीपट दुसऱ्या बाजूला. मग गैरहजर गटांकडे तुम्ही जा, त्यांच्या वेळेला, त्यांच्या जागी. पोरांसाठी क्रिकेटचं मैदान, बायकांसाठी जिथे त्या निवांत बसतात ती जागा. गणवेशातला माणूस बरोबर नको, समितीचा अध्यक्षही नको. एकदा पोलिसांनी ‘मदत म्हणून’ एक हवालदार बरोबर दिला होता, त्या दिवशीच्या सगळ्या मुलाखतींत सगळं छान होतं, सगळे खूश होते, मला त्या अख्ख्या दिवसाच्या मुलाखती फेकून द्याव्या लागल्या.

प्रश्न विचारताना ‘तुम्ही समाधानी आहात का’ हे नको, लोक तोंडदेखलं हो म्हणतात. असं विचारा: शेवटची अडचण आली तेव्हा कोणाला सांगितलं? सांगितल्यावर काय झालं ते कोणी परत येऊन कळवलं का? या भागातल्या पोलिसांपैकी कोणाचं नाव माहितीय? अंधार पडल्यावर कुठला रस्ता टाळता? ही समिती आहे हे माहिती होतं का? शेवटच्या प्रश्नावर जे ‘नाही’ येतात ते मोजून रिपोर्टच्या पहिल्या पानावर टाका. आणि जमलं तर नकाशा काढून द्या, लोकांना लाल पेनने भीतीच्या जागा दाखवू द्या, मग तो पोलिसांच्या नकाशावर ठेवून बघा. दोन्ही लाल एकाच जागी क्वचितच येतात.

सुरक्षिततेचं मात्र गांभीर्याने घ्या. कोणी काय बोललं हे कळलं तर त्या माणसाला तुम्ही गेल्यावर तिथेच राहायचंय. नावं वेगळ्या वहीत, ‘मागच्या गल्लीतले शिवणकाम करणारे’ असली ओळखू येणारी वर्णनं रिपोर्टमध्ये नाहीत, आणि मुलाखतीत कोणी स्वतःवरच्या हिंसेबद्दल सांगितलं तर मदत कुठे मिळेल हे सांगता येईल अशी तयारी आधीच.

भीती, विश्वास आणि गुन्हा वेगवेगळे मोजा

एकाने दुसरं आपोआप बदलत नाही. अमेरिकेतल्या न्यूअर्कमध्ये पायी गस्तीचा अभ्यास झाला, १९८१ मध्ये निकाल आले, लोकांना पायी फिरणारे पोलीस दिसले, जास्त सुरक्षित वाटलं, गुन्हे मात्र तेवढेच. हे यश की अपयश? दावा काय होता त्यावर आहे, म्हणून तर सुरुवातीला साखळी लिहून घेतली.

दुसरीकडे, २०२१ मध्ये ब्राझील, कोलंबिया, लायबेरिया, पाकिस्तान, फिलिपिन्स आणि युगांडा या सहा देशांतल्या प्रयोगांचे निकाल एकत्र आले. लॉटरीसारखं निवडून काही भागांत लोक-पोलीस उपक्रम, काही भागांत नाही. विश्वासही वाढला नाही, गुन्हेही कमी झाले नाहीत. संशोधकांनी दिलेली कारणं वाचली की आपल्याच वहीतली वाटतात: वरच्या अधिकाऱ्यांचा पाठिंबा टिकला नाही, पोलिसांच्या बदल्या होत राहिल्या, आणि लोकांनी सांगितलेल्या अडचणींवर काम करायला माणसं-पैसे नव्हते. म्हणजे ऐकून घेतलं, करता काही आलं नाही.

म्हणून मूल्यमापनात ही तीन कारणं आधीच तपासा. दोन वर्षांत किती अधिकारी बदलले, आणि नव्याला समितीबद्दल कोणी सांगितलं का? समितीच्या हातात स्वतःचा काही खर्च करायचा अधिकार आहे का? वरच्या साहेबाने शेवटचं इतिवृत्त कधी वाचलं?

नुकसान झालंय का, हेही बघायचं

हे कोणाला आवडत नाही. पण चांगल्या हेतूने केलेलं काम उलटतं. अमेरिकेत १९३९ मध्ये सुरू झालेला एक अभ्यास आहे, केंब्रिज-सॉमरव्हिलचा, मुलांना वाईट वळणापासून वाचवायला वर्षानुवर्षं समुपदेशक, शिकवणी, शिबिरं दिली. मोठेपणी त्यातले बहुतेक म्हणाले आम्हाला फायदा झाला. तीस वर्षांनी नोंदी तपासल्या, तर मदत मिळालेल्यांची अवस्था काही बाबतींत न मिळालेल्यांपेक्षा वाईट. लाभार्थी खूश आहेत एवढा पुरावा का पुरत नाही याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहिती नाही.

तुमच्या समितीपुरतं विचारायचं ते असं: ‘संशयास्पद लोक’ म्हणून कोणाची नावं सतत येतात? फेरीवाले, बाहेरून आलेले कामगार, एका वस्तीतली पोरं, यांना अडवण्याचं प्रमाण समिती सुरू झाल्यावर वाढलं का? समितीचं कार्ड घेऊन कोणी दादागिरी करतंय का? घरगुती हिंसेची तक्रार समितीत ‘मिटवली’ जाते का? शेवटचा प्रश्न बायकांना एकट्यात विचारा.

खर्च

थोडक्यात. मीटिंगला बसलेल्या प्रत्येकाचे तास लिहा, पोलिसांचे, पालिकेचे आणि रहिवाशांचेही, रहिवाशांचा वेळ फुकट धरू नका. मग तो एकूण आकडा त्या शेवटच्या कॉलमशेजारी ठेवा, दोन बाजू लागल्या असं काम किती झालं तिथे. बाकी विश्लेषण करायची गरज पडत नाही.

रिपोर्ट आणि त्यानंतर

वीस पानं पुरेत. पहिल्या पानावर सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर, साध्या भाषेत. प्रत्येक निष्कर्षापुढे आपण किती खात्रीने बोलतोय ते लिहा: पक्कं, बरंचसं पक्कं, अंदाज. ‘तुलनेसाठी दुसरा भाग मिळाला नाही’ हेही लपवू नका. शिफारशी पाचाच्या वर नकोत, प्रत्येकीपुढे कोणी आणि कधीपर्यंत, ‘समन्वय वाढवावा’ असलं वाक्य दिसलं की खोडा.

अधिकाऱ्यांना प्रेझेंटेशन द्यायच्या आधी किंवा निदान त्याच दिवशी रहिवाशांना सांगा, त्यांच्या भाषेत, मोठ्याने वाचून, कारण वीस पानं कोणी वाचणार नाही. तिथे आक्षेप येतील, ते ऐका, चूक असेल तर दुरुस्त करा, मतभेद असेल तर त्यांचं म्हणणं त्यांच्या शब्दांत शेवटी जोडा. सहा महिन्यांनी ती शीट घेऊन परत जायचं असं आताच ठरवून टाका, तारीख आणि नाव घालून. त्या बोळात मी सहा महिन्यांनी परत गेले तेव्हा दिवा लागलेला होता. बाई भेटल्या, म्हणाल्या, लागला ना, पण आता मीटिंगची वेळ बदला म्हणावं, पाचला आम्ही कामावर असतो.